डाव्या हाताची मशीन

नाही भाऊ, ती बटणाची मशीन नोका दाखवू — राहू द्या ती तिकडंच खोक्यात. पाह्यली मी. कागद ठेवला, बटण दाबलं, अन् तिकडून कापून आलं. मंग माणसाचं काय काम राह्यलं त्यात? मले दांडीची पाहिजे, हातानं फिरवाची. हाव, माहीत हाये मले का बटणाचीनं हात दुखत नाही, तीनदा सांगतलं तुम्ही, अन् तुम्ही चांगलंच सांगून राह्यले, तुमचा काही दोष नाही — पण मले हाताले ताण देणारीच पाहिजे. म्हणजे लय ताण नाही. उलीसक. आता कसं सांगू तुमाले — फिरवणाऱ्याले वाटलं पाहिजे का मी फिरवलं म्हणून हे कापल्या गेलं, पण इतकी बी जड नाही पाहिजे का अर्ध्यात अडकली अन् त्यानं हात काढून घेतला. बीचमधली. त्या तीन ठेवल्या ना तुम्ही टेबलावर — ती लहानी, ती मधली अन् ती मोठी काळी — त्यातली कोणती, ते आजच पाहून जायचं हाये मले. पुन्हा येणं होईन नाही होईन, भरवसा नाही. देऊळघाट काही दूर नाही म्हणा, ऑटोनं आली मी, पण दूर-जवळचा सवाल नाही तो.

थांबा, आधी मी माहा उजवा हात बांधतो. हसू नोका. पदर असा कमरेत खोसला, त्यात हात असा गुतवला — झालं, आता मले उजवा हात नाहीच असं समजा. सरकवा ती लहानी पुढं. ही खालची पाटी — काचेवानी दिसते पण प्लास्टिक हाये, बरं — हिच्यावर हा साचा, धार वर करून ना? धार वर. त्याच्यावर कागद, कागदावर ही दुसरी पाटी. अन् सबन मिळून इकडून तोंडात द्यायचं, अन् फिरवा दांडी — पाह्यलं? पाह्यलं ना तुम्ही? पाटी जागची हालली नाही अन् मशीनच टेबलावर फिरून गेली. आता तुम्ही म्हणान, बाई, दुसऱ्या हातानं धरा न तिले. तो दुसरा हातच कुठी हाये, भाऊ? म्हणून तं बांधला मी. अन् दांडी बी उजवीकडंच काढली यायनं, जसे काही दुनियेत सबन लोक उजव्या हाताचेच हायेत. ठेवा ती बाजूले. दिसाले चांगली हाये, रंग बी चांगला हाये, पण ती पोरीबाळीच्या कामाची हाये.

कोणासाठी म्हणता — पोरीसाठी. सारिका नाव तिचं, पुण्याले असते, नोकरीले. तिले नाद हाये कागदाचा, कार्ड-फुलं करत राह्यते, तिनंच मले मोबाइलवर दाखवली होती अशी मशीन, दांडी फिरवली का कागदाचं फूल बाहीर. म्हणलं घेऊन ठेवू, दिवाळीले आली का — हाव, दोन्ही हात हायेत तिचे. हायेत जी, साबूत हायेत. मंग मी हात कायले बांधला? बरोबर इचारलं तुम्ही. खोटं बोलली मी. आजकाल असंच होऊन राह्यलं माहं, कोणी काही इचारलं का आधी खोटंच येते तोंडात. पोरीसाठी नाही. सारिकाच्या बाबासाठी. ते काय, बाहीर ऑटोत बसले ते, पांढऱ्या टोपीचे. आमचा पुतण्या हाये देवानंद, त्याची ऑटो हाये. त्यायले सांगतलं का बुलढाण्याले डॉक्टरकडं चाल्लो, अन् इथं आणून उभी केली. हे बी खोटंच म्हणा.

माघात लकवा गेला त्यायच्या आंगावरून. उजवं आंग सबन गेलं, बोलणं बी गेलं. आता काठी टेकत चालते, पाय ओढतात, शब्द येते पण लय टाइमानं येते, अन् येते तो बी दुसराच येते. हात मात्र नाही आला. अन् हातच होता न, भाऊ, त्या माणसाचा. झेडपीच्या शाळेत शिपाई होते ते, तीस वर्षं घंटी वाजवली, पण देऊळघाटात कोणाले बी इचारा — शिपाई म्हणून नाही सांगणार तुमाले कोणी. पानवाले जानरावदादा म्हणतीन. खायचं पान नाही जी. पिंपळाचं, कागदाचं. आमच्या बस्तीत वैशाख पुनवेले विहारात तोरण लागते, जितकी घरं तितकी पानं, यंदा एकशे सेहेचाळीस. एका घराचं एक पान, त्याच्यावर त्या घरचं नाव, अन् पुनव झाली का ज्याचं त्यानं आपलं पान घरी न्यायचं, दारावर लावायचं, वर्षभर. नवीन सून आली, वेगळी चूल झाली — का पान वाढलं. एखादं घरच बंद पडलं तरी ते कमी नव्हते करत. म्हणायचे, राहू दे, परत येतीन कधी. अन् पेन्सिल नाही, पट्टी नाही, काही नाही — कागदाची घडी घातली, शिंप्याची मोठी कात्री घेतली, अन् कात्री नाही, कागदच फिरवायचे ते. पानाचं टोक जरासं डाव्या आंगाले वळलेलं, हवा लागल्यावानी. चाळीस वर्षं झाले, एका बी पानाचं टोक सरळ नाही निघालं त्यायच्या हातून.

तुम्ही म्हणता कात्री डाव्या हातात द्यायची. दिली न. चैतात देऊन पाह्यली. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात चालत नाही, भाऊ, तुमाले तं माहीत असन, कागदाचा धंदा तुमचा — पाती एकमेकाले भिडतच नाहीत, कागद कटत नाही, मधातच मुडपते. तीन कागद मुडपले, चवथा घेतला, तो बी मुडपला. मंग ठेवली कात्री खाली. फेकली नाही. फेकली असती तं बरं झालं असतं, मले समजलं असतं का राग तं हाये अजून.

आता ती मधली पाहू. ही बरी वाटते, वजन हाये हिच्यात. पण दांडी उजवीकडं — हिले उलटी करून ठेवली तं? म्हणजे मशीनचं तोंड भिंतीकडं अन् पाठ आपल्याकडं? चालते म्हणता? दोन्हीकडून पाटी जाते? हे चांगलं झालं, हे नव्हतं मले माहीत. करा उलटी. आता दांडी डावीकडं आली — आता फिरवतो — हे कायचा आवाज? फुटली का पाटी? कडकड वाजली न. वाजतेच म्हणता? नवीन पाटी असली का वाजते, भ्यायचं नाही, फिरवत राहायचं. पण भाऊ, हे त्यायले आधी सांगून ठेवा लागन. नाही तं त्यायनं हात लावला, अन् अशी वाजली, तं ते समजतीन का माह्यानं हे बी मोडलं. पुन्हा हात नाही लावायचे. एकच बार लावतीन ते हात, लावला तं. दुसरा बार नाही भेटणार मले, म्हणून तं मी एवढी चिकचिक करून राह्यली तुमच्यापाशी, अन् तुम्ही बिचारे ऐकून राह्यले.

साचा बनवून भेटते ना? हे पाहा, हे पान. वहीत घालून आणलं, मुडपू नोका. त्यायनं कापलेलं हाये, मागच्या सालचं, आमच्या घरचं. याच्यावरून साचा बनवायचा, याच टोकाचा. लिहून घ्या. नाव? भिमाबाई — नाही, थांबा, खोडा ते. जानराव लिहा. साचा त्यायच्या पानाचा, तं नाव बी त्यायचंच पाहिजे. आजच्या पुरता तुमच्यापाशी जो कोणता पानाचा साचा असन तोच लावा मशीनीत, चालन.

काय म्हणले? हाव. हाव, बरोबर हाये तुमचं. साचा असला तं कोणी बी कापन. सारिका कापन, तुम्ही कापसान, मी कापन. तेच तं. तिथंच तं सबन झालं, भाऊ.

मीच कापले. यंदाचे एकशे सेहेचाळीस पानं मी कापले. कोणाले नाही सांगतलं हे आजलोक, देवानंदले बी नाही. वैशाख पुनव आली जवळ अन् विहारातून पुंजाजी आले इचारायले, भिमाबाई, यंदा तोरणाचं कसं करायचं — अन् मी म्हणलं, करून राह्यले न ते, डाव्या हातानं, दमानं करून राह्यले. काऊन म्हणलं असं? मले वाटलं, नाही म्हणलं तं पुंजाजी दुसऱ्या कोणाले सांगतीन, नाही तं दुकानातून विकतची झालर आणतीन चमकीची, अन् यायचं नाव पुसल्या जाईन. त्यायचं नाव राहायले पाहिजे म्हणून केलं मी. दुपारून ते झोपले का मी मागच्या खोलीत बसायची, हेच पान खाली ठेवायची, पेन्सिलनं गिरवायची, अन् कापायची. टोक बी तसंच वळवलं. पहिले दहा-बारा बिघडले, मंग हात बसला. आठ दिवसांत झाले सबन. अन् सांगतो भाऊ, कोणाले फरक नाही समजला. मले बी नसता समजला. मले त्या दिवशी त्याचाच आनंद झाला होता, पाहा माही अक्कल.

पुनवेले खुर्चीवर बसवून नेलं त्यायले विहारात. तोरण लागलेलं. त्यायनं वर पाह्यलं अन् पाहतच राह्यले — एकशे सेहेचाळीस पानं, अन् एकाले बी त्यायचा हात नाही लागला. पुंजाजी माइकवर बोलले, म्हणे जानरावदादानं लकव्याले बी हरवलं, डाव्या हातानं तोरण केलं यंदा. सबन विहारानं टाळ्या वाजवल्या. पोरंसोरं येऊन पायाले हात लावून राह्यले. अन् ते मान हालवून राह्यले — नाही, नाही — शब्द तं येत नव्हता, नुसती मान — अन् लोकं म्हणे पाहा किती साधा माणूस, मान्य बी करत नाही. मंग त्यायनं माह्याकडं पाह्यलं. आता सांग म्हणून पाह्यलं, भाऊ. तू तरी सांग. अन् मी टाळ्या वाजवल्या.

नाही, पाणी नोका आणू. ठीक हाये मी.

तवापासून डावा हात बी गेला त्यायचा. लकव्यानं नाही. चैतात डाव्या हातानं जेवायले लागले होते ते, सांडत-लवंडत, पण स्वतःच्या हातानं. पुनवेनंतर काठी टेकायपुरता सोडला तं हातच उचलत नाहीत. उजवा मांडीवर, अन् त्याच्यावर डावा ठेवला, का बसले तसेच. मी घास भरवतो, तं दोन घेते अन् तोंड मिटते. डॉक्टर म्हणते डाव्या हाताले काहीच झालं नाही, ताकद हाये, मनातच नाही यायच्या. काय काढणार मनातलं? बोलणं असतं तं भांडले असते माह्यासंग. मी रोज म्हणतो, भांडा, शिव्या द्या, काही तं करा. मागच्या आठवड्यात गादी उन्हात टाकायले उचलली, तं खाली गोळ्या. बीपीच्या. रोजच्या. मी पाण्यासंग देतो न, ते तोंडात धरायचे, अन् माही पाठ फिरली का गादीखाली. एकोणतीस निघाल्या. डॉक्टरनं माघातच सांगतलं होतं, ही गोळी चुकली अन् दुसरा झटका आला, तं माह्याकडं घेऊन नोका येऊ, काही उपेग नाही. त्यायच्यासमोरच सांगतलं होतं. त्यायले समजते सबन. समजूनच ठेवल्या त्यायनं गादीखाली.

म्हणून मशीन, भाऊ. आता तुम्ही म्हणान ही बाई येडी हाये, माणूस जायले निघाला अन् ही कागद कापायची मशीन घ्यायले आली. पण मी काय करू सांगा. डॉक्टर झाले, सारिका आठ दिवस राहून गेली, भंतेजी येऊन बोलून गेले. सबन जण म्हणते, धीर द्या त्यायले. धीर कुठी भेटते? त्यायले हातात काही तं पाहिजे न, जे त्यायच्या बिगर नाही होत. कात्री होत नाही. बटणाची कामाची नाही, ते मेलेल्या माणसाचं बोट लावलं तरी चालन. मंग ही दांडी राह्यली. ही कोणी फिरवल्याबिगर नाही फिरत. अश्विनात धम्मचक्राच्या दिवसाले पुन्हा तोरण लागते, अन् ह्या बारीले मी पुंजाजीले सांगन, माइकवर जाऊन सांगन का वैशाखातलं माहं होतं. सांगन मी. पण आधी यायनं एक तरी पान काढलं पाहिजे, नाही तं मी कोणत्या तोंडानं सांगू?

ती मोठी काळी दाखवा, तिले बी तशीच उलटी ठेवा. हिले खाली काय लावलं हे — रबर? हा खटका दाबला का टेबलाले चिपकून बसते? दाबा बरं. मी ओढून पाहतो. नाही हालली. हे पाहा, एका हातानं फिरवतो — वाजली, कडकड, पण चालली — मधात जड होते, तिथं जोर लागते, अन् मंग सुटते. सुटली. निघालं पान. हे बरं हाये. पण मधातलं जड लय तं नाही ना? माहा हात कामाचा हाये, त्यायचा दोन महिने मांडीवर पडून हाये. का मधलीच घेऊ, खाली ओला कपडा टाकून? तुम्हीच सांगा. तुम्ही किती जणायले विकल्या असतीन. लकव्याच्या माणसाले नसन विकली म्हणा.

मंग असं करा. मी देवानंदले सांगून त्यायले आत आणतो, अन् तुम्ही असं म्हणा — म्हणजे मी तुमाले वळखत नाही, असं दाखवायचं — का दादा, ही मशीन नवीन आली, आमच्या इथं कोणाले चालवता येत नाही, तुम्ही जुने कारागीर दिसता, जरा पाहता का. अन् ते पाटीचं तुम्हीच लावून ठेवा आधी. अन् मधात अडकली तं खालून तुम्ही हळूच पाटी लोटा, त्यायले दिसणार नाही असं — काय झालं? असे काऊन पाहून राह्यले माह्याकडं?

हाव.

हाव, समजलं. तेच करून राह्यली मी पुन्हा. तेच. देवा रे, मले सवयच लागली का काय. नोका बोलू काही. नोका लोटू पाटी. ते जे होईन ते —

कोण आलं? अजी — तुम्ही? एकटेच उतरले ऑटोतून? देवानंद कुठी गेला? पायरी हाये तिथं, दमानं — भाऊ, तो स्टूल द्या इकडं. मी, ते, सारिकासाठी काही — नाही. सारिकासाठी नाही. हा हात? काही झालं नाही हाताले, बांधला मीच. पदरात बांधला. हे पाहायले का — एका हातानं कसं — म्हणजे तुमाले —

बसा.

काठी द्या माह्याजवळ. नाही देत? बरं, ठेवा तिथंच टेबलाले टेकवून. ते पाहून राह्यले, भाऊ. तिन्ही पाहून राह्यले. आपलं पान हाये ते वहीत, हाव, मागच्या सालचं, मीच आणलं. काही नोका सांगू त्यायले तुम्ही, पाहू द्या. त्या काळीवर ठेवला हात. डावा. दांडीवर ठेवला, भाऊ. कागद — कागद मी लावू का? नाही. बरं. लावून राह्यले तेच. पाटी तिरपी गेली जराशी, तिरपी जाऊ द्या. फिरवली. चालली. अजी, वाजन ती, भ्यायचं नाही, ती वाजतेच — वाजली. थांबले. तिथंच जड होते ती, मधात, तिथंच जोर लागते, मी सांगतलं होतं तुमाले का ही जड हाये — थांबा, उलीसक लावतो मी हात, फक्त तेवढं —

हात झटकला माहा.

डाव्या हातानं झटकला, भाऊ, त्यायनं. पाह्यलं न तुम्ही? अन् पुन्हा दांडीवर नेऊन ठेवला.

नाही लावत. नाही लावत मी, अजी. हा पाहा, मांगं घेतला. मी बाहीर जातो, ऑटोत बसतो. दरवाजा राहू द्या तसाच. अन् भाऊ, कोणती घ्यायची ते मले नोका इचारू आता. त्यायले इचारा. शब्द यायले टाइम लागते त्यायले, तुम्ही मधात नोका बोलू. येते तो.